कोरफडीचा गर आणि हिरूची जट

खालापुराकडच्या त्या वाडीत सोनुबाईच्या जिभेला सगळेच वचकून होते, आणि त्या जिभेचा सगळ्यात जास्त प्रसाद मिळायचा तिच्या सुनेला, हिरूला. भात करपला, दे शिवी. पाणी सांडलं, दे शिवी. म्हणून हिरूच्या डोक्यात जट निघाली तेव्हा लोकांना वाटलं, सून आता देवीला जाणार, म्हातारीच्या मागची ब्याद आयतीच टळली.

झालं होतं एवढंच, की बाळंतपणानंतर हिरूला तापाने धरलं. तापात केसांना ना तेल, ना फणी. ती उठून बसली तोवर मानेवर केसांचा घट्ट गुंता झाला होता. पोशा भगताने तो पाहिला आणि हात जोडले. देवीने पोरीला मागितलंय, म्हणाला. आता फणी लावायची नाही. पुनवेला बायकांनी जटेला हळदकुंकू वाहायचं आणि हिरूने जोगतीण होऊन त्याच्याबरोबर घाटावर जायचं, ते कायमचं. तान्ह्या गजाने कोणाचं दूध प्यायचं, ते मात्र देवीने सांगितलं नव्हतं.

हिरूचा नवरा नामा आगगाडीच्या रुळांवर खडी टाकायचा. अंगाने दांडगा, पण देवीचं नाव काढलं की गळाठायचा. तो मान खाली घालून बसला. सोनुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुनवेच्या सकाळी तिने बांधावरची कोरफड कापून आणली. पाती उभ्या ठेवून आधी झोंबरा पिवळा चीक गळू दिला, मग गर कुस्करला. हिरूला घरात नाही, भर अंगणात बसवलं. तो बुळबुळीत गर जटेत जिरवून म्हातारी दाभणाने शेंड्याकडून केस सोडवू लागली. सोललेल्या, खाजणाऱ्या कातडीला कितीतरी दिवसांनी गारवा मिळाला, तरी हिरू मान चोरत होती.

"आत्या, देवी कोपंल."

"कोपली तर माज्यावर कोपंल. हात माजा हाय. तू मान सरळ धर."

अर्धी जट सुटली होती तेव्हा पोशा आला. मागे ताटं घेतलेल्या बायका. त्याने आकांडतांडव केलं, घर बसेल, वंश बुडेल म्हणाला. गराने माखलेल्या हातांनी सोनुबाईने स्वतःचा अंबाडा सोडला. पांढरे केस पाठीवर आले.

"देवीला बाई पायजे ना? मी येते. आजपास्नं तेल-फणी बंद. माजी जट वळली का मला ने."

पोशाने तिला खालून वर पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हातारी घेऊन काय करू? तरणी लागते."

अंगणातल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. पोशा पुढे बरंच बोलला, पण त्याच्याकडे कोणी बघेना. शेजारची बायजा, जिच्या घरात दोन तरण्या पोरी होत्या, तिने हातातलं ताट ओटीवर ठेवलं, हिरूच्या मागे फतकल मारली आणि उरलेल्या जटेत बोटं घातली.

"गर आण गं आणखी," ती सोनुबाईला म्हणाली.