शंखानंतरही चालू

आमच्या महिला मंडळाच्या घरातला कॉम्प्युटर त्या दिवशी नुसता धापा टाकत होता. माऊस हलवला तरी बाण जागचा उठायला मागेना, आणि आतला पंखा असा घोंगावत होता की चटया विणत बसलेल्या बायका तोंडाला हात लावून हसत होत्या. हसा म्हटलं, तुमचं काय जातंय! उद्या सकाळी माझी परीक्षा होती. न्यूझीलंडच्या इस्पितळातली नर्सची जागा, आणि तिची परीक्षा याच डबड्यासमोर बसून द्यायची, कारण गावात दुसरा कॉम्प्युटर नाही. परीक्षेचा प्रोग्राम उघडला, तर प्रोसेसर मोकळा नाही म्हणून आपोआप बंद. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. माझं डोकंच फिरलं.

राजधानीत, आपियाला, माझा आतेभाऊ इएरोमे राहतो, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला फोन लावला. त्याने मला चालू कामांची यादी उघडायला लावली. सगळ्यात वर एक नाव होतं, मी कधी चालू न केलेलं, आणि जवळजवळ सगळा प्रोसेसर तेच गिळून बसलं होतं. इएरोमे म्हणाला, ही अपडेटची सेवा, पडद्यामागे आपली आपण चालते. मी म्हटलं, मग उडव तिला. कायमची बंद करायला पासवर्ड लागतो म्हणे, आणि तो कॉम्प्युटर दान देणाऱ्यांकडे. त्यांच्याकडे कोणी फोन उचलेना. नुसती थांबवून पाहिली, तर बघता बघता परत हजर. अस्सा राग आला!

मग त्याने मला तिच्या कामाची नोंद वाचायला लावली. रोज सकाळी सुरुवात, रोज संध्याकाळी अर्ध्यावर तुटलेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"ताई, खरं सांग, तुम्ही तो नीट बंद करता की सरळ वीजच तोडता?"

मग मी त्याला खरं ते सांगून टाकलं. आमच्याकडे संध्याकाळी शंख वाजला की सा सुरू होतो. प्रार्थनेची वेळ. रस्त्यावर माणूस दिसत नाही, घरात आवाज नाही. शंख झाला की मंडळाच्या घराचा मेन स्विच खाली, तो थेट सकाळी वर. आणि खाली ओढणारे माझेच बाबा, गावच्या सभेतले मताई, म्हणजे घराण्याचे प्रमुख, सेउली. शिस्त त्यांच्याइतकी कोणी पाळत नाही. मागे एकदा सा चालू असताना रेडिओ वाजला म्हणून त्यांनी सख्ख्या भावाकडून दंडाचं डुक्कर घेतलं होतं.

इएरोमे पोट धरून हसला. मग म्हणाला, आज मात्र तोडू नका, नाहीतर सकाळी पुन्हा शून्यापासून सुरू, आणि तुझी परीक्षा गेली.

अपडेट निम्म्याच्या थोडं पुढे होतं. मी बसले, उठले, दारात गेले, परत आले. आकडा हलेल तर शपथ! बायका चटया गुंडाळून घरी गेल्या तरी तो तिथेच घुटमळत होता. आणि बाबा आले. त्यांनी सवयीने स्विचवर हात ठेवला, तशी मी धावत जाऊन आडवी झाले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. किती त्यांना कळलं देव जाणे.

तेवढ्यात शंख वाजला.

बाबांचा हात तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या घोंगावणाऱ्या पेटीकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतला, जमिनीवर मांडी घातली आणि पंख्याच्या वरताण आवाज लावून प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटले, पण खोटं कशाला बोलू, अधूनमधून आकडा बघतच होते. सा संपल्याचा शंख झाला तरी बाबा उठले नाहीत. आणखी एक स्तोत्र म्हटलं, मग आणखी एक. बाहेर अंधारून आलं.

एकदम पंखा थांबला. यादीत वरचं नाव नाहीसं झालं होतं. परीक्षेचा प्रोग्राम पहिल्याच झटक्यात उघडला आणि उघडाच राहिला. मी आनंदाने बाबांचे खांदे गदागदा हलवले.

"उद्या सभेत माझ्यावरच डुक्कर लावतो," ते म्हणाले. मग गुडघा चोळत पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे आता तू जाणार."

दिवसभर मी त्या आकड्याच्या मागे धावत होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"पास झाले तर," मी कसंबसं म्हटलं.

"होशील गं. सा मोडायची भीती नव्हती मला. स्विचवरचा हात निघत नव्हता तो यासाठी."

मी तिथेच त्यांच्या शेजारी बसून रडले.