चालतंय की

आम्ही जैन. आमच्यात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. दुहेरी फडकं लावायचं, आणि फडक्यात राहिलेलं परत आडातच सोडायचं, त्यातला जीव मरू नये म्हणून. वृषभ, माझा एकुलता एक, कॉम्प्युटर शिकून आला तेव्हा म्हणाला, "आई, मी पण गाळतोच. तू पाणी, मी प्रोग्राम." मी दुसरीतनं शाळा सोडलेली, पण एवढं मला समजलं.

राजारामपुरीत बाळासोच्या कंपनीत तो लागला. तिथं एका रक्तपेढीचं काम आलं. कुठल्या माणसाला कुठलं रक्त चालेल, ते कॉम्प्युटरनं सांगायचं. वृषभ कितीतरी दिवस नुसता कागदावरच लिहीत बसला. शेवटी बाळासो घरी आला, आणि माझाच चहा पिऊन मलाच सांगायला लागला.

"काकी, पोराला समजवा. चालवून बघितलं आम्ही. चालतंय की!"

"चाललं म्हणजे बरोबर हाय असं नसतं," वृषभ म्हणाला. "ते का चुकणार न्हाय, हे मला कागदावर दाखवता आलं पाहिजे. रक्त हाय ते."

"अरे, उद्घाटनाच्या पत्रिका छापल्यात!"

"बाळासो," मी म्हटलं, "डोळ्याला निवळ दिसतंय म्हणून आम्ही पाणी तसंच पीत न्हाय. तुझ्या घरचं तर गाळूनसुद्धा पिणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी वृषभची नोकरी गेली. काम दुसऱ्यानं पुरं केलं आणि ते चाललं. कुणाला काही झालं नाही. लोक हसले. वृषभचं रोहिणीशी लग्न ठरलेलं, ते तिच्या वडलांनी मोडलं. अडून बसणारा जावई त्यांना नको होता. वृषभ पुण्याला गेला. तिथं तो कागद घेऊन बसला की हसतात, असं सुरुवातीला फोनवर सांगायचा. मग सांगायचा बंद झाला.

दोन हजार चारच्या दिवाळीला आला. मी पाणी गाळत होते. तो दारात उभा राहून मोबाईलवर कुणाला तरी म्हणत होता, "तपासायचं राहू दे. चालतंय की. देऊन टाक."

माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"सगळे असंच देतात, आई."

माझ्या तोंडाला गल्ली भिते. त्या दिवशी मी नुसता गाळलेल्या पाण्याचा तांब्या पुढं केला. तोवर त्यानं बॅगेतली विकतच्या पाण्याची बाटली तोंडाला लावली होती.

फडक्यातलं सोडायला मी आडावर गेले. रोज क्षणाचं काम. त्या दिवशी परत यायला मला बराच वेळ लागला.