एक्केचाळीस सेकंदांचा डूख

मी फितीचा कापलेला तुकडा बोलतोय. लांबी एक्कावन्न फूट, रुंदी करंगळीच्या नखाएवढी, आणि वाजायला लागलो की एक्केचाळीस सेकंदांत संपतो. एवढ्याशा तुकड्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. म्हणा खुशाल. मी शेहेचाळीस वर्षं एका माणसावर डूख धरून बसलो होतो. त्याचं उट्टं कसं काढलं हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

जन्मलो तेव्हा मी तुकडा नव्हतो. बावीस मिनिटांच्या एका लांबलचक गाण्याच्या पोटातला भाग होतो. स्टुडिओ म्हणजे बुटांच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना जुनी जाजमं ठोकलेली. खाली टाचा ठोकायचं काम सुरू झालं की वर गाणं थांबवावं लागे. सगळे वादक एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवायचे आणि जे वाजेल ते तसंच माझ्यावर उमटायचं. एकाचा आवाज नंतर वेगळा काढून टाकायची सोयच नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वादक चार. ऑर्गनवर ताई. ड्रमवर तिचा धाकटा भाऊ. बासवाला एक होता, तो वाजवायचा आणि जेवायचा, बाकी त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. आणि गिटारवर झिपऱ्या. त्याचे केस खांद्याखाली लोंबायचे म्हणून हे नाव. आता त्याला पूर्ण टक्कल पडलंय, तरी मी त्याला झिपऱ्याच म्हणणार. यंत्रांपाशी असायचे ते ध्वनिमुद्रक काका, सतत खोकल्याच्या गोळ्या चघळणारे.

तसली गाणी तुम्ही ऐकली असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, की लोक त्यांची बावीस-बावीस मिनिटं एका क्षणासाठी सहन करतात. सूर वळतात, ताल बदलतो, मधेच कोणी बासरी काढतं, कोणी घंटा बडवतं, ऐकणाऱ्याला वाटतं आपण वाट चुकलो. आणि मग अचानक असं काही येतं की मानेपासून पाठीच्या कण्यातून सर्रकन काहीतरी खाली जातं. काटा येतो अंगावर. तो काटा नुसत्या सुरामुळे येत नाही. तो वाट पाहायला लावल्यामुळे येतो. मी हे अधिकाराने सांगतो, कारण मी स्वतः तसला क्षण आहे.

सोळाव्या मिनिटाला सगळे थांबायचे. ताई ऑर्गनच्या पायपट्टीवर डाव्या पायाने एक खालचा सूर दाबून धरायची. अकरा सेकंद, फक्त तो सूर. मग उजव्या हाताने सात मात्रांची एक ओळ. सहा मात्रांवर स्वर, सातवी रिकामी. पायाला चार मात्रांची सवय, त्यामुळे त्या सातवीवर ऐकणाऱ्याचं पाऊल हवेतच राहायचं. असं तीनदा. चौथ्यांदा त्या रिकाम्या मात्रेवर ड्रम, बास, गिटार सगळे मिळून कोसळायचे.

हे ताईला मुद्रणाच्याच दिवशी सकाळी सुचलं होतं. ती सगळ्यांना म्हणाली, "मधे कोणी हात लावायचा नाही. चौथ्या खेपेला मी मान हलवीन, तेव्हा या." भावाने बोटांवर सात मोजून पाहिले आणि हसला. काकांनी रीळ सुरू केलं.

झिपऱ्या गायचाही, त्यामुळे त्याच्या तोंडासमोर माईक होता, आणि तो चालू होता. तिसऱ्या खेपेला सातवी मात्रा रिकामी गेली आणि त्या रिकाम्या जागेत झिपऱ्या भान हरपून पुटपुटला, "ताई, हे कुठून आणलंस गं? काटा आला बघ अंगावर." ताईच्या हेडफोनमध्ये फक्त तिचा ऑर्गन, तिला पत्ता नाही. पण मी शब्द न शब्द टिपला. माझं कामच ते.

संध्याकाळी झिपऱ्या एकटाच काकांजवळ बसून ते ऐकत होता. स्वतःचा आवाज आला तसा त्याचा चेहरा पडला. लाज वाटली असेल असं मला आधी वाटलं. पण त्याने मला पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. पाचव्यांदा ऐकताना त्याची बोटं मांडीवर गिटार धरल्यासारखी हलत होती. तेव्हाच मी ओळखलं, याच्या मनात काळंबेरं आहे.

"काका, हा तुकडा नासला. आवाज शिरलाय. कापा, गुरुवारी नवा घेऊ."

"ताईला सांगतोस ना?"

"सांगतो की."

त्याने ताईला सांगितलं, की गुरुवारी स्टुडिओ बंद आहे. आणि गुरुवारी तीच ओळ त्याने गिटारवर वाजवली. तिचा भाऊ ड्रमवर बसला होता. त्याने सात मात्रा मोजल्या, मान खाली घातली आणि मूग गिळून वाजवलं.

मला कापलं ते तिरक्या ब्लेडने, दोन्ही टोकांना. कळ अशी काही नसते आम्हाला, पण आधी काय होतं आणि नंतर काय होणार हे दोन्ही एका क्षणात तुटतं. झिपऱ्या म्हणाला, "टाका कचऱ्यात." काकांची एक रीत होती, तबकडी दुकानात पोचेपर्यंत कापलेली एक इंचही फीत टाकायची नाही. त्यांनी "टाकतो हं" म्हटलं आणि मला खिळ्याला अडकवलं. वर चिठ्ठी डकवली, "४१ सेकंद, आवाज शिरलाय."

तबकडी आली आणि लोक वेडे झाले. त्या सोळाव्या मिनिटासाठी. मजा बघा, झिपऱ्याला धीर नाही म्हणून त्याने ताईचे अकरा सेकंद चारावर आणले होते, तरी लोकांच्या अंगावर काटा येत होता. अर्ध्या क्षणावर एवढं, तर पुऱ्यावर किती आला असता! वेष्टनावर छापलं होतं, सुरावट झिपऱ्याची. खरं नाव होतं, पण ते मी उच्चारणार नाही.

ताई तबकडी हातात घेऊन स्टुडिओचा जिना चढून आली. भाऊ आणि झिपऱ्या दोघेही तिथेच होते.

"ही ओळ कुणाची?" तिने विचारलं.

"बँडची," झिपऱ्या म्हणाला. "सगळ्यांनी मिळूनच सुचतं ना गं ताई? आणि तुझ्या तुकड्यात खरखर होती. विचार काकांना."

ताईने भावाकडे पाहिलं. "तू तरी बोल."

"जाऊ दे ना ताई," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला. "एवढ्यातेवढ्यावरून बँड मोडायचा का?"

ताई वळली. जिन्यापर्यंत गेली, तेव्हा काका तिच्यामागे आले. त्यांनी मला खिळ्यावरून काढून गुंडाळलं होतं आणि आपल्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवलं होतं. "जपून ठेव," एवढंच म्हणाले. त्यांनी तिला माझ्या आतलं वाक्य सांगितलं नाही. त्यांना रोज त्याच बँडचं काम करायचं होतं. त्यांच्यावरही माझा राग आहे, पण डबी दिली म्हणून थोडा कमी.

ताईने पुन्हा ऑर्गनला हात लावला नाही. पडदे शिवायचं दुकान टाकलं. मी शिलाई मशीनच्या खणात, मोजायच्या टेपांच्या शेजारी. त्या टेपांचा तोरा काय सांगू, अंगावर आकडे आहेत ना! एकदा तर ताईच्या मदतनीस बाईने गाठोडं बांधायला दोरी म्हणून मलाच ओढलं. ताई ओरडली, "ती ठेव! ती दोरी नाही." एरवी तिने मला कधी बाहेर काढलं नाही. पण भर दुपारी लांब शिवण घालताना तिचा डावा पाय मशीनच्या पायटीवर कधीकधी नको तेवढा वेळ दाबून राहायचा. मी मनात अकरा मोजायचो. आणि दात नसतानाही दातओठ खायचो.

तिकडे झिपऱ्या मोठा झाला. ती ओळ कशी सुचली याच्या गोष्टी तो जागोजागी सांगू लागला. ताई रेडिओ लावायची, त्यामुळे मला सगळं कळे. आधी म्हणाला, गळक्या नळाखाली सुचली. मग म्हणाला, आजारी आईच्या उशाशी. त्याची आई ठणठणीत होती त्या वर्षी, स्टुडिओत सगळ्यांना डबा घेऊन यायची! ताई रेडिओ बंद करायची आणि पुढचा पडदा घ्यायची.

भाऊ वारला. जाण्यापूर्वी त्याने आपल्या मुलीला सगळं सांगितलं. ही मुलगी, म्हणजे ताईची भाची, रेडिओत जुन्या फिती दुरुस्त करते. ती दुकानात आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "आत्या, बाबांनी सांगितलं. डबी आहे अजून?"

"आहे. काय करणार तिचं?"

"आधी ऐकू. पण फीत चिकट झाली असेल. शेकावी लागेल."

ऐकलंत ना? जुन्या फिती चिकटतात, मग त्यांना मंद आचेवर तासन् तास ठेवतात. तिच्याकडे फळं सुकवायचं यंत्र होतं, त्यात मला आठ तास सुक्या जर्दाळूसारखं ठेवलं. मी तक्रार केली नाही. सूड घ्यायचा म्हणजे अंग थोडं भाजणारच.

मग तिने माझ्या दोन्ही टोकांना कोरी फीत जोडली आणि मला एकदाच वाजवलं, सोबत नक्कल करून घेतली. ताई शेजारी बसली होती. खालचा सूर आला. अकरा सेकंद. ओळ आली. तिसऱ्या खेपेला झिपऱ्याचा कोवळा आवाज आला, "ताई, हे कुठून आणलंस गं?" भाचीने तोंडावर हात ठेवला. ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणून कापलं होय," ती म्हणाली.

भाचीने सांगितलं, की रेडिओवर एक कार्यक्रम चालू आहे. अशा लांब गाण्यांतले अंगावर काटा आणणारे आवडते क्षण श्रोते कळवतात. कुणाला दहा मिनिटांच्या गदारोळानंतर एकटी उरणारी बासरी आवडते, कुणाला ड्रमची चुकवलेली एकच थाप, कुणाला शेवटी भिंतीसारखा उभा राहणारा वृंदगायनाचा आवाज. पहिला क्रमांक शनिवारी दुपारी जाहीर होणार होता. तो कोणता, हे तुम्हाला सांगायला नको. पाहुणा झिपऱ्या.

"नक्कल वाजवते," भाची म्हणाली. "फितीचा लेप सुटत चाललाय आत्या, पुन्हा वाजेल की नाही, सांगता येत नाही."

"नक्कल वाजवलीस तर म्हणेल, कॉम्प्युटरवर खोटी बनवली. फीतच लाव. त्याच्यासमोर."

"तुटली तर?"

"तुटू दे."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो.

शनिवारी मी यंत्रावर चढलो. काचेपलीकडे झिपऱ्या, तुळतुळीत डोकं, बाह्या दुमडलेल्या. निवेदिकेने विचारलं, ही ओळ कशी सुचली? या वेळी तो म्हणाला, एका एकाकी प्रवासात. मग निवेदिका म्हणाली, "आमच्याकडे त्याच मुद्रणाचा कापलेला मूळ तुकडा आलाय. ऐकायचा?"

तो हसला. मी कधीच कचऱ्यात गेलोय अशी त्याची खात्री होती. "ऐकवा की!"

भाचीने कळ दाबली. मी धावलो. माझा लेप सुटत होता, भुकटी पडत होती, पण मी एकही सूर गाळला नाही. खालच्या सुरातच त्याचं हसू गेलं. चार सेकंदांनी त्याने मान उचलली, त्याच्या हिशेबाने आता ओळ यायला हवी होती. मी आणखी सात सेकंद त्याला थांबवलं. पहिली खेप. दुसरी. तिसरी. आणि रिकाम्या मात्रेत तो स्वतःच बोलला, सगळ्या श्रोत्यांसमोर, "ताई, हे कुठून आणलंस गं? काटा आला बघ अंगावर."

चौथ्या खेपेला सगळे कोसळले. डोक्यावर उभं राहायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, पण दुमडलेल्या बाहीखाली हातावरचा पांढरा केस न केस ताठ उभा होता. निवेदिकेने ते पाहिलं, भाचीने पाहिलं. त्याने घाईने बाही खाली ओढली. मला काडीचीही दया आली नाही.

"हे," तो चाचरत म्हणाला, "हे कुठून आणलंत?"

दार उघडून ताई आत आली, त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली. तो उठायला गेला. "ताई, मला माफ..."

"बस. माफीचं मी नंतर बघेन," ताई म्हणाली. "आधी ओळ कुणाची ते सांग. माईक चालू आहे."

त्याने बराच वेळ घेतला. मी मोजले, अकरा सेकंदांहून जास्त. मग त्याने सांगितलं.

आता मी पुन्हा गोळ्यांच्या डबीत आहे. अंगावरचा तपकिरी लेप बराचसा गेलाय, जागोजागी आरपार दिसतं. पुन्हा वाजणार नाही. सूड घेऊन काही हाती लागत नाही असं सांगणारे भेटले तर त्यांना माझ्याकडे पाठवा, मला फार बरं वाटतंय. आणि तुम्हाला कधी दुसऱ्याचं काही कापून टाकायची बुद्धी झालीच, तर आधी ते शेवटपर्यंत ऐका. त्यात तुम्ही काय बोलून गेलात ते तुम्हाला आठवत नसेल.

परवा ताईने डबी उघडली. काकांची चिठ्ठी अजून होती, "४१ सेकंद, आवाज शिरलाय." कापडावर खुणा करायच्या पेन्सिलीने तिने शेवटचे दोन शब्द खोडले आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट. मग झाकण लावलं, मशीनवर बसली, आणि तिचा डावा पाय पायटीवर हलकेच दाबला गेला. मी मोजायला लागलो.