फक्त सजावटीसाठी

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे, असं ठणकावून सांगायची मला फार हौस आहे. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? माझं वय पुरतं तीन वर्षंसुद्धा नाही. मी लढाई पाहिलेली नाही, राजा पाहिलेला नाही, आणि घोडा पाहिला तो टेम्पोच्या मागे रंगवलेला. युरोपात पाचसहाशे वर्षांपूर्वी ज्या तलवारी होत्या ना, त्यांची मी नक्कल आहे. सरळ, लांब, दोन हातांनी धरायची, मुठीच्या वर आडवी दांडी असलेली. मला धार नाही. माझ्याने साधा पावसुद्धा कापला जात नाही. सध्या मी डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावरच्या एका घरात, माळ्यावर असते. दोन तुकड्यांत, जुन्या चादरीत गुंडाळलेली. शेजारी एक बिघडलेला टेबलफॅन आहे, पण तो कुणाशी बोलत नाही.

माझा जन्म देहरादूनच्या एका लहानशा कारखान्यातला. माझ्याबरोबर चाळीस जणी तयार झाल्या आणि पेंढ्यात बसून परदेशी गेल्या, तिकडच्या लोकांच्या भिंतीवर टांगून घ्यायला. माझी आडवी दांडी तांदळाच्या दाण्याएवढी तिरकी बसली होती. तपासणाऱ्या माणसाने एक डोळा मिटून पाहिलं आणि मला बाजूला सरकवलं. चाळीस जणींचा गलका अचानक बंद झाला आणि मी एकटी रॅकवर उरले. त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं. लोखंडाला रडू येतं, ते गंजाच्या ठिपक्यासारखं दिसतं आणि लोक ते घासून काढतात.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चांगल्या तलवारीचं पातं मुठीच्या आतून थेट शेवटापर्यंत जातं. माझं तसं नाही. माझं पातं मुठीपाशी संपतं आणि तिथे पेन्सिलीएवढी एक सळई वेल्डिंग करून चिकटवलेली आहे. वरून चामडं गुंडाळलं की कुणाला दिसत नाही. म्हणून मी स्वस्त. इंटरनेटवर माझा फोटो टाकला तेव्हा त्याखाली अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त सजावटीसाठी. दुकानवाल्याने काही लपवलं नव्हतं.

ते बारीक अक्षर दर्शनाने वाचलं होतं. दर्शना म्हणजे माझी मालकीण. वय छत्तीस, माजिवड्याला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं आणि तपासायचं काम करते. घरात ती आणि तिची आई भीमाबाई, दोघीच. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत दर्शनाला फोनवर एका जुन्या पुस्तकाची पानं सापडली. कुण्या जर्मन मास्तरांनी तलवार कशी धरायची, पाय कुठे टाकायचा, वार कसा अडवायचा, सगळं चित्रं काढून शिकवलेलं. झालं! बाईला वेडच लागलं. झेरॉक्सच्या दुकानातून पानं छापून आणली. खरी सरावाची तलवार परदेशातून मागवायची तर तीन-चार पगार गेले असते. म्हणून तिने मला मागवलं. बारीक अक्षर वाचलं आणि बोटाने वर सरकवून टाकलं.

मी आले तेव्हा दार भीमाबाईंनी उघडलं. लांबलचक खोका बघून त्या म्हणाल्या, "पडद्याचा रॉड मागवलास होय गं?"

"तलवार आहे, आई."

"तलवार? कुणाला मारायचंय?"

"कुणाला नाही. शिकायचीय मला."

"छत्तिसाव्या वर्षी!" भीमाबाईंनी कपाळाला हात लावला. शेजारच्यांना मात्र त्यांनी शेवटपर्यंत पडद्याचा रॉड म्हणूनच सांगितलं.

दर्शनाने हौसेने हॉलच्या भिंतीवर दोन खिळे मारले आणि मला टांगलं. मी जरा ऐटीत अंग ताठ केलं तोच भीमाबाई ओरडल्या, "अगं ए! समोर बुद्ध डोळे मिटून बसलेत आणि तू त्यांच्यापुढे हत्यार टांगतेस? काढ आधी!" समोरच्या भिंतीवर खरोखरच बुद्धाची मोठी तसबीर होती आणि तिच्या शेजारी बाबासाहेबांची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी सजावटीची, आणि मला सजावटीलाही कुणी घेईना! मला कपाटामागे उभं केलं, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. पण खरं सांगू? म्हातारीचं बरोबर होतं. मीच त्या तसबिरीसमोर ओशाळले होते.

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता दर्शना मला घेऊन गच्चीवर जायची. घर सगळ्यात वरच्या मजल्यावरचं, त्यामुळे एकच जिना चढायचा. गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी ती कागद पसरायची आणि चारी कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवायची. मित्रांनो, त्या प्रत्येक चित्रात दोन माणसं होती. एकाने वर उचललं तर दुसऱ्याने खालून अडवलेलं. एकाचं पाऊल पुढे तर दुसऱ्याचं मागे. एकट्या माणसाचं एकही चित्र त्या पुस्तकात नव्हतं. आणि गच्चीवर दर्शना एकटी.

मग तिने काय करावं? टाकीवर खडूने एक माणूस काढला. गोल डोकं, काठीसारखे हात, हातात तलवार. त्याच्यासमोर उभी राहून ती तासभर सराव करायची. तो खडूचा माणूस ना पाऊल मागे घ्यायचा, ना वार अडवायचा. सोमवारी कुणीतरी त्याला पुसून टाकायचं आणि रविवारी ती पुन्हा काढायची. इमारतीतल्या बायका वाळवण गोळा करायला आल्या की ती मला पाठीमागे धरून फोन बघितल्यासारखं करायची. वर्ष गेलं असं. लॅबमध्ये दिवसभर शंभर माणसं तिच्यासमोर हात पुढे करून बसायची, पण "झालं का?" याच्यापुढे कुणी काही बोलायचं नाही. मला तिची फार दया यायची, आणि माझी स्वतःचीही. कारण दुसऱ्या पात्याचा स्पर्श कसा असतो ते मलाही माहीत नव्हतं.

वर्षभराने मी वाजायला लागले. वार केला की मुठीतून बारीक खुळखुळ व्हायची. ती खुळखुळ म्हणजे माझं बोलणं होतं. बाई गं, माझा जोड सुटत चाललाय, एवढंच मी सांगत होते.

दर्शना मला कपाटामागून काढत असताना भीमाबाईंनी ती ऐकली. त्या म्हणाल्या, "दर्शना, हे वाजतंय. कढईचा कान हलायला लागला की मी ती गरम तेलाची कधी उचलत नाही. हे टाक आता."

"काही होत नाही गं आई."

दर्शनाने नळाच्या जोडाला प्लंबर लावतात ती पुट्टी आणली. दोन रंगांच्या कांड्या एकत्र मळून तिने माझ्या मुठीच्या फटीत अंगठ्याने दाबून भरली आणि वरून चामड्याची पट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी मी दगड! एक आवाज नाही. दर्शनाला वाटलं मी बरी झाले. मित्रांनो, मी मुकी झाले होते.

आणि नेमकी त्याच महिन्यात उर्वी आली.

उर्वी कल्याणच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. माजिवड्याच्या लॅबमध्ये थायरॉइड तपासायला आली होती आणि दर्शनाच्या टेबलाच्या काचेखाली तिला त्या पुस्तकातलं एक चित्र दिसलं. हाताला पट्टी बांधेपर्यंत दोघींची ओळख झाली. कॉलेजात तिने तलवारबाजी केलेली, घरी स्वतःची सरावाची तलवारही होती, पण समोर उभं राहायला तिलाही कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी दर्शना घरी आली ती बोलतच. चप्पलसुद्धा काढली नाही. "आई, ती रविवारी येणारे! इथे, गच्चीवर!" भीमाबाईंनी रविवारी कांदेपोहे केले.

उर्वीने मला हातात घेतलं, तोलून पाहिलं. तिला कळत होतं. तिने सरळ विचारलं, "मुठीत काय आहे गं हिच्या? हलत तर नाही ना?"

दर्शना म्हणाली, "नाही. एकदम घट्ट आहे."

खोटं होतं ते. तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण मला आनंद झाला हो! माझ्यासाठी कुणीतरी खोटं बोललं म्हणून नव्हे, तर आता ते दुसरं पातं मला लागणार म्हणून. आणि ते लागलं. हळूच, सरकत, खण्ण करून. काय सांगू तुम्हाला! देहरादूनच्या त्या चाळीस जणी एकदम आठवल्या.

चार रविवार गेले. उर्वीने जाळीचा एक मुखवटा आणला होता, चेहऱ्याला लागू नये म्हणून. एकच होता. तो ती दर वेळी दर्शनाला घालायला लावायची. "तू नवीन आहेस, तू घाल," म्हणायची. तिसऱ्या रविवारी मला आत काहीतरी तडकल्याचं जाणवलं. खुळखुळायला गेले तर पुट्टी. आणि मन उघडं करून सांगते, मी फार जोर लावलाही नाही. मला वाटलं, अजून एक रविवार मिळू दे.

तो चौथा. उर्वीने वरून वार केला, दर्शनाने मला आडवं धरून अडवलं, आणि मी तुटले. मूठ दर्शनाच्या हातात राहिली आणि पातं गरकन फिरून उर्वीच्या भुवईवर बसलं. रक्त गालावरून ओघळून तिच्या टी-शर्टवर आलं. रोज रक्त काढणारी दर्शना ते बघून पांढरीफटक पडली. उर्वीने एका हाताने रुमाल दाबला आणि दुसऱ्या हाताने दर्शनाच्या हातातून गळून पडलेली मूठ उचलली. तुटलेल्या तोंडाशी राखाडी पुट्टी दिसत होती. तिने ती नखाने खरवडून पाहिली.

तीन टाके पडले. डोळा दोन बोटांनी वाचला. दवाखान्यातून परत आल्यावर दर्शनाने मला चादरीत गुंडाळलं, माळ्यावर ढकललं आणि फळीचं दार लावून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू खुळखुळत असेल, सायकल असेल, खुर्ची असेल, तर तिचं तोंड बंद करू नका. ती काहीतरी सांगत असते. आणि नीट होण्यासारखी नसेल तर तिला निवृत्त करा, तिला राग येणार नाही. आला तरी येऊ दे.

त्यानंतर दर रविवारी पाच वाजता उर्वीचा फोन यायचा. फोन टेबलावर थरथरत राहायचा आणि दर्शना उचलायची नाही. मला वरून ऐकू यायचं. पाच रविवार तसंच. लॅबमधून आली की जेवायची, भांडी घासायची, झोपायची. झेरॉक्सची पानं तिने रद्दीत टाकली. ते ऐकून मला वाटलं, माझे दोनच्या जागी दहा तुकडे झाले असते तरी चाललं असतं.

सहाव्या रविवारी फोन वाजला तेव्हा दर्शना कपडे वाळत घालत होती. भीमाबाईंनी तो उचलला.

"हॅलो. हां, मी आई बोलतेय. घरीच आहे ती. मुद्दाम उचलत नाही. आता मी काय सांगू? तू ये."

तासाभरात बेल वाजली. उर्वीचा आवाज आला.

"खोटं का बोललीस?" उर्वीने विचारलं.

"घाबरले. हलते म्हणाले असते तर तू परत आली नसतीस."

"अगं बाई, काठीने खेळलो असतो ना! मी काय तुझ्या तलवारीसाठी येत होते?"

हे ऐकलं आणि माझ्या दोन्ही तुकड्यांत कळ गेली. दर्शना रडायला लागली, मोठ्याने, नाक ओढत. भीमाबाई म्हणाल्या, "रडून झालं की चहा घ्या," आणि आत गेल्या.

उर्वी येताना दोन वेताच्या काठ्या घेऊन आली होती. मग जिन्यावर पावलं वाजली, दोघींची. माळा थेट गच्चीच्या खाली आहे. थोड्या वेळाने माझ्या डोक्यावर आवाज सुरू झाला. ठक. ठक. मग थांबणं, मग उर्वीचं, "पाय! पाय मागे घे!" आणि मग दर्शना हसली. मित्रांनो, एवढ्या रविवारांत ती माझ्याबरोबर एकदाही हसली नव्हती. मला बरं वाटलं. आणि इतकं एकटं वाटलं, की त्या रॅकवरसुद्धा वाटलं नव्हतं.

आता दर रविवारी त्या वर असतात आणि मी इथे. माझी तक्रार नाही. तिला माणूस मिळालं, मी असूनही जे जमलं नाही ते झालं. मला भंगारात घाला, जोडू नका, टांगू नका, काहीच म्हणत नाही मी. फक्त तुमच्यापैकी कुणी कधी माजिवड्याच्या त्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेलात, तर दर्शनाला माझा एक निरोप द्याल का? म्हणावं, रविवारी वर जाताना माळ्याचं दार बोटभर उघडं ठेव. फळी लावली की हसणं नीट ऐकू येत नाही.