जपून ठेवलेला बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ शेजारीच उभा आहे, पण तो जात्याच मुखदुर्बळ. म्हणून दोघांच्या वतीने मीच बोलतो.

आम्ही काही साधेसुधे बूट नव्हतो. जाड चामडं, घोट्याच्या वर चढणारा गळा आणि खाली खोल दातांचा सोल. आमच्यावर दुहेरी टाके घालणारी कारखान्यातली बाई शेजारणीला म्हणाली होती, "ही जोडी दगडाला भिणार नाही बघ." ते कौतुक आमच्या डोक्यात गेलं.

आमची मालकीण तेव्हा कॉलेज संपवून नुकतीच नोकरीला लागली होती. सुट्टी आली की आम्हाला पायात चढवायची आणि गावामागच्या डोंगराची वाट धरायची. मुरूम, ओढे, काटेरी झुडपं, काही काही सोडलं नाही आम्ही. गावात एक तळंही होतं. त्याच्याभोवती फरसबंद, सपाट वाट. तिथे फिरून येणाऱ्या चपला रोज दाराशी भेटत, पण आम्ही त्यांच्याशी धड बोलतसुद्धा नसू. सपाटीवर चालणं हे काय काम झालं?

मग तिला मुलगी झाली. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. भिंगरी आठ महिन्यांची असताना मालकीण एकदा एकटीच डोंगरावर गेली. उतरताना सुट्ट्या खड्यांवरून मी घसरलो. हातभरच. तिने झुडूप धरलं, साधं खरचटलंही नाही. पण ती तिथेच कितीतरी वेळ बसून राहिली. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "मला काही झालं असतं तर हिला कोणी बघितलं असतं?"

"मी बघितलं असतं की," तो म्हणाला.

"तू तिला मोजेसुद्धा उलटे घालतोस."

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला धुतलं, सावलीत वाळवलं, मेण चोळलं. आत कागदाचे बोळे कोंबले. वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला गाठ, मग खोका, खोक्याला दोरी. आणि कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा. हे तिने रागाने केलं असतं तर बरं झालं असतं. रागावलेलं माणूस कधीतरी निवळतं. तिने हे मायेने केलं होतं, त्यामुळे सुटकेची आशाच नव्हती.

मित्रांनो, त्या खोक्यात आम्ही सात वर्षं काढली. हलायला जागा नाही, श्वास घ्यायला वारा नाही. बाहेरचे आवाज तेवढे यायचे. बोलता येऊ लागल्यापासून दर रविवारी भिंगरी विचारायची, "तळं की डोंगर?" आणि आईचं उत्तर ऐकायला मी कान टवकारायचो.

"आज ऊन आहे. तळं."

"वर निसरडं असेल. तळं."

"परवाच तुला सर्दी झाली होती ना?"

एकदा भिंगरी म्हणाली, "आई, आता तळ्यातली बदकंसुद्धा मला नावाने हाक मारतील." बाबा खो खो हसले. आई हसली नाही. "सपाटीवर पडलं तर गुडघा फुटतो. डोंगरावर..." एवढं बोलून ती थांबली. त्या अर्ध्या वाक्यात आई, भिंगरी आणि आम्ही दोघं भाऊ, असे चौघंही अडकलो होतो.

या काळात माझ्या सोलाला आतून काहीतरी होत होतं. दुखत नव्हतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आठव्या वाढदिवसाला काय हवं, असं विचारल्यावर भिंगरी म्हणाली, "वस्तू नको. तू माझ्याबरोबर डोंगरावर चल." दोन दिवस आईची पावलं कपाटापाशी येऊन परत जात होती. तिसऱ्या दिवशी दोरी सुटली, गाठ सुटली आणि डोळे दिपले. वरून आम्ही नवेकोरे दिसत होतो. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

डोंगर अर्धा चढून झाला आणि माझा सोल पुढून सुटला.

"आई, तुझा बूट जांभई देतोय," भिंगरी म्हणाली.

पन्नास पावलांवर भावाचाही सुटला. आईने रुमाल फाडून आम्हाला बांधलं, वर शिखराकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि परत फिरली. ते योग्यच होतं. उतरताना तिने लेकीचा हात एकदाही सोडला नाही. घराशी आल्यावर भिंगरीने विचारलं, "आता परत तळंच ना?" ती रडली असती तर बरं, पण तिने नुसतं विचारलं. आईने वाकून आमचा रुमाल सोडला. मला मात्र खोक्याचा तो अंधार आठवला आणि माझं चामडं आखडलं.

पण सोमवारी आई आम्हाला बूट दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेली. त्याने अंगठ्याने सोल दाबला. बिस्किटासारखा भुगा पडला.

"कुठे ठेवले होते?"

"खूप जपून. पिशवीत बांधून."

"तिथेच चुकलं, ताई. हे पायात राहिले तर टिकतात, नुसते ठेवले की आतून कुजतात. डोंगर नको होता, तर भाजी आणायला तरी घालायचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या सपाट वाटेला मी नाकं मुरडली, तिनेच मला जगवलं असतं.  आई तो भुगा बराच वेळ बोटांनी चुरत राहिली.

नवे सोल बसले. म्हातारा म्हणाला, "आधी पंधरा दिवस सपाटीवर चाला, मग डोंगर." तेव्हा आम्ही तळ्याला फेऱ्या मारल्या. चपलांशी ओळख करून घेतली. भिंगरी म्हणायची, "ही फसवायची लक्षणं आहेत." पण पंधरा दिवस सरल्यावरच्या रविवारी आईनेच तिला पहाटे हलवून उठवलं.

शिखराजवळ आईला धाप लागली. भिंगरी पुढे धावली आणि वळून म्हणाली, "थांबू का?"

"नको, हो पुढे," आई म्हणाली. मग नाड्या आवळता आवळता म्हणाली, "पण मला दिसशील एवढंच."

मित्रांनो, तुमच्याही घरात जिवापाड जपलेलं काहीतरी असेल. त्याला अधूनमधून बाहेर काढा. डोंगर जमला नाही तर तळ्यापर्यंत न्या. पण बांधून ठेवू नका हो. आत काय होतंय ते बाहेरून दिसत नाही.