जप्तीतली काठी

"परवाना आहे न साहेब, हा पाहा," असं नूरुद्दीनभाऊ म्हणत होता, आणि मत्स्य खात्याचे साहेब त्याच्या हातातली गळाची काठी ओढत होते. सत्त्याण्णव सालचा जून, शुक्रवारची दुपार. आमच्या पळसटोल्याच्या तलावाच्या पाळीवर बायाबापडे काम सोडून तमाशा पाहत होते.

नूरुद्दीनभाऊ आरमोरीचा शिंपी. शुक्रवारची नमाज झाली की दुकान बंद करून सायकलीवर इकडे यायचा. मासा विकायला नको, खायलाही फारसा नको. घरी हाजराभाभीला त्याचा वास सहन होत नाही. मिळालं ते इथंच वाटून जायचा. वीस वर्षं त्याचा परवाना म्हणजे तलाव सांभाळणाऱ्या वारलूभाऊ ढिवराच्या दारात उभं राहून "बसू का जी?" विचारणं. वारलूभाऊ मान हलवायचा. पावसाळा लागला की पोळ्यापर्यंत मात्र तो कोणालाच मान हलवत नसे, कारण तेव्हा मासळी गाभोळीवर, अंडी घालायला आलेली असते.

त्या वर्षी सरकारने पाळीवर पाटी ठोकली. परवान्याशिवाय गळ टाकू नये. नऊ इंचाखालचा मासा परत सोडावा. जून ते ऑगस्ट बंदी. अख्ख्या तालुक्यात एकच माणूस फोटो घेऊन परवाना काढायला गेला, तो नूरुद्दीनभाऊ. परवान्यावर साहेबांनी गोल शिक्का मारून मुदत लिहिली: एक जून ते एकतीस ऑगस्ट.

वारलूभाऊने त्याला हटकलं होतं. "पोळा व्हायचा आहे अजून, नूरुद्दीन."

"मालूम आहे भाऊ. पन सरकारनंच तारीख टाकली, मंग काही सोचूनच टाकली असंल न."

शिकल्यासवरल्या माणसाचं असंच होतं. आयुष्यभर वारलूभाऊचं ऐकलं, आणि एका शिक्क्यापायी अक्कल गहाण टाकली.

"बंदीत गळ टाकतो?" साहेब म्हणाले.

"मंग बंदीचा परवाना काऊन दिला, साहेब?"

"परवाना वेगळा, हंगाम वेगळा. बंदी उठली की चालू परवाना दाखव आणि काठी घेऊन जा."

"बंदी कवा उठते?"

"एक सप्टेंबरला."

"अन् माहा परवाना कवा संपते?"

साहेबांनी कागद पाहिला. "एकतीस ऑगस्टला."

"मंग नवा?"

"नवे परवाने जूनमध्ये निघतात."

पाळीवर कोणीतरी फिदीफिदी हसलं. नूरुद्दीनभाऊ हसला नाही. ती काठी त्याच्या अब्बांनी जिवतीच्या डोंगरातून आणलेल्या बांबूची. दोन पावसाळे चुलीवर टांगून धुरात पिकवलेली, पेरापेराला लाल रेशमी दोरा गुंडाळलेली. अब्बा गेले, दुकानातली त्यांची मशीनही मोडीत गेली. उरली होती ती ही काठी. मासेमारी सोसायटीचा सचिव म्हणून पंचनामा मी लिहिला. माझ्या हाताने लिहिला, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतरही भाऊ दर शुक्रवारी यायचा. पाळीवर रिकाम्या हाताने बसायचा, पाण्याकडे पाहायचा आणि निघून जायचा.

पंधरा ऑगस्टही शुक्रवारीच आला. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून शाळेत झेंडा, भाषण, लाडू असं सगळं झालं. भाषण साहेबांचंच, कायद्याच्या राज्यावर. दुपारी आम्ही सोसायटीत बसलो होतो. भाऊही नुकताच आला होता. एवढ्यात बांधीत धानाचा रोवणा करणारी गुणाबाई चिखलाच्या पायांनी धावत आली.

"वारलूभाऊ, सायेब गळ टाकून बसले आहेत. पिल्लावरच्या मरळीले."

वारलूभाऊ उठला. मरळ आपल्या पिल्लांच्या लाल पुंजक्याखाली राखण करत फिरते, समोर येईल त्यावर तुटून पडते. म्हणून तिला धरायला अक्कल लागत नाही, आणि म्हणूनच आमच्याकडे तिला कोणी गळ दाखवत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मरळ गवतावर तडफडत होती. वारलूभाऊने आधी साहेबांकडे पाहिलंच नाही. ओल्या हाताने गळ काढला आणि तिला पिल्लांजवळ सोडलं. मग म्हणाला, "साहेब, परवाना?"

"परवाने मीच देतो."

"मंग सोताले एक द्याचा होता."

"मी पाहणी करतोय."

"पाहणी डोयानं करतेत जी," गुणाबाई म्हणाली. "गळ कायले लागते?"

नूरुद्दीनभाऊ मात्र काठीकडे पाहत होता. पेरापेराला लाल रेशमी दोरा होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "हे तं माही काठी आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. "जप्त माल... चालू स्थितीत आहे का, ते पाहत होतो."

"सचिव," वारलूभाऊ मला म्हणाला, "लिवा पंचनामा."

मी वही आणून मांडीवर घेतली. शब्द पाठ होते, जूनमध्येच लिहिले होते. 'सदर इसम बंदीच्या काळात विनापरवाना, जप्त केलेल्या काठीने गळ टाकताना मिळून आला.' साक्षीदार दोन लागतात. पहिल्याच्या जागी गुणाबाईने चिखलाचा अंगठा उमटवला. दुसऱ्या अंगठ्यासाठी रोवणाऱ्या साऱ्या बाया बांधीतून निघाल्या होत्या.

"हे कशाला?" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम घरगुती झाला. "नूरुद्दीनचा परवाना आज चालू आहे ना? घेऊन जा काठी." त्यांनी चिठ्ठीसुद्धा लिहून दिली: परवानाधारकास काठी परत. मग पंचनाम्यासाठी माझ्यापुढे हात केला. मी वहीतलं पान फाडून दिलं. त्याचे बारीक तुकडे करून ते जीपमध्ये बसले.

नूरुद्दीनभाऊने काठी सदऱ्याने पुसली. तो रडला, आणि ते त्याने लपवलं नाही.

पोळ्यानंतरच्या शुक्रवारी तो वारलूभाऊच्या दारात उभा राहिला. "बसू का जी?"

"कागद आहे का?"

"संपला, भाऊ."

"बरं झालं. बस."

पहिला मासा त्याने गळ्यातल्या टेपने मोजला, सात इंच भरला, म्हणून सोडून दिला. तेवढ्यात रस्त्याने साहेबांची जीप आली. विनापरवाना माणूस पाटीखालीच गळ टाकून बसलेला. साहेबांनी काच खाली केली, हसून विचारलं, "काय नूरुद्दीनभाऊ, लागतंय का काही?" आणि गाडी पुढे गेली.

पंचनाम्याच्या पानाखाली मी कार्बन लावला होता, हे त्यांना जीपमध्ये बसतानाच मी सांगितलं होतं.