मिठाचा डबा

दुसरी शेगडी आणायची कल्पना माझीच होती, हे आधी सांगितलेलं बरं.

नव्या सरकारनं धान्याची आणि शाळेच्या फीची मदत नव्यानं ठरवायला घेतली होती. घरात एक जरी पगारदार असला तरी मदत बंद. माझ्या थोरल्याला कारखान्यात पगार होता. धाकटा तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको घरी बसून शर्टांना काज-बटणं करते, आणि तिची मुलगी सातवीत आहे. ती मदत गेली असती तर पोरीची शाळा सुटली असती. थोरल्याच्या पगारात आम्ही सहा जण जेमतेम जेवत होतो, फी बसत नव्हती.

मी छापखान्यात प्रुफं तपासायचो. परिपत्रक तीनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं, एका शेगडीवरचं जेवणारे ते एक घर. मी भीतभीत म्हटलं, "मग दोन शेगड्या असल्या तर?"

थोरली सून हसली. "बाबा, तुम्ही वाटता तितके साधे नाही."

शेगडी भंगारातून आणली, म्हणजे नवी दिसायला नको. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात फळी ठोकली, भांडी वाटली. मला खोटं बोलता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक. थोरली म्हणाली, "तुम्ही बोलू नका, फक्त खोका."

घरं मोजणाऱ्या सरकारी बाई मंगळवारी अकराला आल्या. पोरं शाळेत, थोरला कामावर. बाईंच्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता. त्यांनी माणसं लिहिली, खोली पाहिली. दोन्ही शेगड्यांवर भात शिजत होता.

"जेवण वेगळं?"

"धाकटे दीर गेल्यापासून," थोरली म्हणाली.

"भांडणं?"

"दोन बायका, एक खोली. तुम्हीच समजा."

मी खोकलो.

बाई हसल्या. "महिनाभरात सत्तर जुन्या शेगड्या बघितल्यात. भंगारवाल्यानं मला कमिशन द्यायला हवं." मग धाकटीकडे वळल्या. "तुमचा मिठाचा डबा दाखवा."

धाकटीचा हात फळीवर गेला. चहा होता, साखर होती, तिखट होतं. हात तसाच थांबला. नकळत तिनं थोरलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मीठ तिथं होतं, पंधरा वर्षं होतं तिथंच.

हयातभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि ही माझ्या नजरेतून सुटली.

"सगळे शेगडी आणतात," बाई हळू म्हणाल्या, "मीठ विसरतात." पेन कागदावर टेकलं, पण लिहीत नव्हतं. "माझ्या मागून तपासणीवाले येतात. खोटं निघालं तर माझं काम जातं. मलाही दोन पोरं आहेत. आजोबा, सही तुमची लागणार. एक घर लिहू की दोन?"

आता खोकून भागणार नव्हतं. धाकटी खाली बघत होती. मी तोंड उघडलं तर खरं तेच बाहेर पडेल, अशी मला भीती वाटली.

थोरली उठली. डबा घेतला, एका वाटीत निम्मं मीठ ओतलं आणि वाटी धाकटीच्या फळीवर ठेवली.

"आजपासून तुझं तू," ती म्हणाली. मग बाईंकडे वळून, "आता खोटं नाही. तारीख आजची टाका."

"तपासणीवाले जेवायच्या वेळी येतात," बाई म्हणाल्या. "कधी, ते मलाही कळवत नाहीत. तोवर असंच राहावं लागेल. खरंखुरं."

"राहू."

मी सही केली. माझं नाव थोरलीच्या घरात पडलं.

दोन महिन्यांनी दोन घरांची दोन कार्डं आली. पोरीची फी भरली गेली. पण तपासणी बाकी होती, म्हणून दोघी वेगळं रांधत राहिल्या. सुरुवातीला चेष्टा चालायची. "शेजारीणबाई, आज काय केलंय?" मग ती हळूहळू बंद झाली. पोरं एकमेकांच्या ताटात डोकवायची, मग तेही थांबलं. धाकटीची भाजी पातळ व्हायला लागली. थोरली ते बघायची आणि आपल्या शेगडीकडे तोंड फिरवायची. मी माझ्या ताटातला घास उचलायचो आणि तो नक्की कोणाचा, याचा विचार करत बसायचो.

काल सकाळी थोरलीचं मीठ संपलं. फोडणी टाकलेली होती. धाकटीनं आपली वाटी पुढे सरकवली.

थोरलीनं वाटीकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. तेवढ्यात जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजली.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझं तुला पुरायला हवं."

शेगडी बंद करून ती पिशवी घेऊन दुकानात गेली. पावलं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची होती. थोरली परत आली तेव्हा वाटी तिथंच होती, दोघींच्या मधोमध. कोणी हात लावला नव्हता.

तपासणीवाले अजून आलेले नाहीत.